परदेशात घर घेताय? आधी तिथलं मृत्युपत्र

पासपोर्ट, पॅन, केवायसी हे लागणारच, त्यावर वेळ घालवत नाही. फ्लॅट कसा बघायचा हेही मुंबईत घर घेतलेल्या माणसाला शिकवायला नको. मला सांगायचं आहे ते एका कागदाबद्दल: जिथे घर घेताय त्या देशात चालेल असं मृत्युपत्र. बाकीचं जाता जाता सांगतो.

आधी पैसे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत (परदेशात पैसे पाठवण्याची सवलत) एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. घरातल्यांनी मिळून घर घेतलं तर प्रत्येकाची मर्यादा वेगळी धरतात, पण पैसे पाठवताना बँकेत भरायचा ए-2 फॉर्मही प्रत्येकाचा वेगळा. वर्षाला 10 लाखांच्या वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर अडकतो, त्यामुळे तेवढी रक्कम बाजूला ठेवूनच बोलणी करा. ताबा मिळाल्यावरही वर्षानुवर्षं चालणाऱ्या हप्त्यांच्या योजना बिल्डर गळ्यात मारतात. असे हप्ते फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली कर्ज ठरू शकतात. सीएला दाखवल्याशिवाय सही नको.

आता मृत्युपत्र. स्थावर मालमत्तेचा वारसा बहुतेक ठिकाणी ती मालमत्ता जिथे आहे तिथल्या कायद्याने ठरतो. आपल्याच 1925 च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम 5 भारतातल्या स्थावराबद्दल हेच सांगतं. मग आपलं घर दुसऱ्या देशात असेल तर तो देश आपला कायदा का लावेल?

माझ्या थोरल्या भावाच्या दुबईतल्या फ्लॅटच्या वेळी आमच्याकडून नेमकं हेच राहिलं. मृत्युपत्र नव्हतं असं नाही. इथे सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं होतं, 'माझी सर्व स्थावर-जंगम मिळकत' असं त्यात लिहिलं होतं, आणि तेवढ्यावर आम्ही निर्धास्त होतो. दादा गेल्यावर ते तिकडे न्यायचं तर अरबी भाषांतर, नोटरी, आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, त्यांच्या वकिलातीचा शिक्का. त्यात भर वहिनीच्या नावाची. पासपोर्टवर माहेरचं, आधारवर लग्नात बदललेलं, आणि लग्नाची नोंदणी कधी केलेलीच नाही. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला आमच्याकडे लग्नपत्रिका आणि हॉलमधले फोटो. भाडं तिथल्या खात्यात येऊन पडत होतं, पण खातं गोठलेलं, म्हणून सर्व्हिस चार्ज आम्ही इथून पाठवत राहिलो. तिथलं मृत्युपत्र असतं तर यातलं बरंचसं वाचलं असतं.

लोक सांगतील, दुबईत आता कायदा बदललाय. खरंय. मुस्लिमेतरांसाठी 1 फेब्रुवारी 2023 पासून नवा कायदा आहे: मृत्युपत्र नसेल तर अर्धं जोडीदाराला, अर्धं मुलांना समान, मुलगा-मुलगी भेद नाही. पण नीट वाचा. मुलं असतील तर यात आईचा हिस्सा नाही. आपल्या 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात पुरुषाची आई पहिल्या वर्गातली वारस आहे. ज्या आईने दागिने मोडून पहिला हप्ता दिला असेल, तिला मृत्युपत्राशिवाय काहीच नाही. म्हणून तिथलं मृत्युपत्र करा. मुस्लिमेतरांना दुबईत डीआयएफसीकडे (तिथलं आर्थिक केंद्र, त्याची स्वतःची न्यायालयं आहेत) ते नोंदवता येतं. मुलं लहान असतील तर पालक कोण, हेही त्यातच लिहा.

इतर देशांत वेगळे काटे. लंडनमधलं घर 'जॉइंट टेनंट्स' म्हणून घेतलं तर एकाच्या मृत्यूनंतर ते आपोआप दुसऱ्याचं होतं, मृत्युपत्रात काहीही लिहा. 'टेनंट्स इन कॉमन' असेल तरच तुमचा हिस्सा मृत्युपत्राने जातो. शिवाय घर तिथलं असलं की तुम्ही दादरला राहत असलात तरी वारसा कर आहे: मुलांकडे जाताना साधारण 3,25,000 पौंडांच्या वर 40 टक्के. अमेरिकेत नागरिक किंवा रहिवासी नसलेल्याला इस्टेट टॅक्समधून (मृताच्या मालमत्तेवरचा कर) सूट फक्त 60,000 डॉलरची. मुलीच्या शेजारी न्यू जर्सीत घर घेणाऱ्या आईवडिलांनी नाव कोणाचं लावायचं हे आधी विचारावं, नंतर नाही. फ्रान्समध्ये दोन मुलं असतील तर मालमत्तेचा दोन तृतीयांश भाग कायद्यानेच मुलांसाठी राखलेला असतो. थायलंडमध्ये परदेशी माणसाला सहसा जमीन घेता येत नाही, कॉन्डोमिनियम, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, घेता येतं, तेही इमारतीच्या 49 टक्क्यांच्या मर्यादेत.

तिथलं मृत्युपत्र झालं, तरी इथलं तपासा. आपल्याकडे वकील पहिल्याच परिच्छेदात 'यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे' असं लिहून टाकतात. परदेशातलं आधी केलं आणि इथलं नंतर, तर त्या एका ओळीने परदेशातलं मृत्युपत्र धोक्यात येतं. दोन्हींत स्पष्ट हवं: हे फक्त भारतातल्या मिळकतीचं, ते फक्त तिथल्या. दोन्हीकडच्या वकिलांना एकमेकांचा मसुदा पाठवा. आणि सोसायटीत नॉमिनेशन केलंय, तसं तिथेही काहीतरी असेल, हे डोक्यातून काढा. नॉमिनी इथेही मालक होत नाही.

कागद: लग्नाची नोंदणी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात आजच करा, लग्न कितीही जुनं असो. नाव बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. मुलांचे जन्मदाखले इंग्रजीत हवेत, आईचं नाव सगळीकडे एकच हवं.

पुढचं थोडक्यात. घर दरवर्षी आयकर रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दाखवा, भाडं नसलं तरी. आयटीआर-1 हा साधा फॉर्म चालत नाही. विसरलात तर काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो, आणि या दंडातून 20 लाखांपर्यंतच्या मालमत्तेला जी सूट आहे ती स्थावराला नाही. भाड्यावर भारतात कर आहे, तिथे भरलेल्या कराची वजावट त्यासाठीचा ठरावीक फॉर्म भरून. विकताना नफ्याचंही तेच.

आणि 'भाच्याला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी दिलीय' म्हणून मृत्युपत्र पुढे ढकलू नका. ती देणारा गेला की तीही संपते.