कोऱ्या रकान्यासमोरचा पाऊण तास

दवाखान्यात डॉक्टरांनी मला “कुठे दुखते?” असे विचारले, की उत्तर आई देत असे. पंधराव्या वर्षी माझे पोट डाव्या बाजूला दुखत असताना तिने उजवी बाजू सांगितली, तरीही मी गप्प राहिले. इतक्या जपणुकीत वाढून आता शिक्षणासाठी घराबाहेर पडणाऱ्या मुलींसाठी हे लिहीत आहे. एकटीने प्रवास करणे, पैशांचा हिशेब ठेवणे या गोष्टी दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतात. त्यांची धास्ती बाळगू नका.

मी फसले ते वेगळ्याच ठिकाणी. वसतिगृहात मला एक सीनियर ताई भेटली. ती धीट होती, तिचे वाचन दांडगे होते आणि तिने मला मनापासून माया लावली. मी तिच्यासारखे केस कापून घेतले, घरच्यांची जी मते तिला पटत नसत ती टाकून दिली आणि यालाच स्वातंत्र्य समजले. वर्षअखेरीस ऐच्छिक विषयाचा फॉर्म भरायचा होता, तेव्हा तिचा फोन लागेना. पेन हातात धरून मी पाऊण तास बसले आणि रकाना कोराच राहिला. आईच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर देणारी मी आता ताईच्या चेहऱ्याकडे पाहत होते, एवढाच काय तो बदल झाला होता.

पुढे मानसशास्त्र वाचताना या अवस्थेचे वर्णन सापडले. ‘मी कोण?’ हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी साधारण 12 ते 18 या वयाशी जोडला होता. त्यांच्यानंतर मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी 1966 मध्ये एका अभ्यासात त्यात दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: पर्यायांची चाचपणी केली का, आणि एखाद्या मताला किंवा निवडीला स्वतःला बांधून घेतले का. चाचपणी न करताच बांधून घेतलेला माणूस बाहेरून ठाम दिसतो, आणि फसगत होते ती इथेच. तो अभ्यास कॉलेजातल्या 86 तरुणांवर झाला होता आणि त्यात एकही मुलगी नव्हती. तरीही चाचपणीशिवाय बांधून घेण्याची ही अवस्था वाचताना मला माझेच वर्णन वाचल्यासारखे वाटले.

म्हणून स्पष्ट सांगते: घरच्यांशी बंड केले म्हणजे स्वतःची ओळख सापडली, असे मुळीच नाही. ऑनलाइन व्यक्तिमत्त्व चाचण्यांवर तर अजिबात विसंबू नका. त्या तुम्हाला एक तयार नाव चिकटवतात आणि चाचपणी तिथेच थांबते. विचारताक्षणी उत्तर देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा “तुला काय वाटते?” असे विचारून वाट पाहणारा शोधा. सल्ला घ्या, पण त्याआधी स्वतःचे मत आणि त्यामागचे एक तरी कारण कागदावर लिहून काढा. सुरुवातीला काहीच सुचणार नाही. मलाही कित्येक आठवडे सुचले नव्हते, त्यामुळे त्याने खचून जाऊ नका. अठरा ही काही अंतिम मुदत नव्हे. हा शोध विशीतही चालू राहतो. शोधाअंती आईवडिलांचेच एखादे मत पटले, तर ते ठेवण्यात कमीपणा नाही.

तो फॉर्म मी शेवटच्या दिवशी भरला. विषय मी निवडला होता, ताईला पसंत नसलेला आणि आईने कधी नावही न ऐकलेला. घरी सांगताना माफी न मागता फक्त कारणे सांगितली. आई चार दिवस मोजकेच बोलली आणि पाचव्या दिवशी तिने विचारले, “त्याची परीक्षा कधी असते?”