घड्याळावर पाणी झटकणारा स्प्रे मारताय? या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की हमखास विचार येतो: गाडीच्या काचेवर मारतो तो स्प्रे घड्याळावरही मारला तर? खुशाल मारा. काचेवर थेंब थांबणार नाहीत, भर पावसात वेळ नीट दिसेल. पण तेवढ्याने घड्याळ वॉटरप्रूफ झालं असं धरून चालणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

हे कोटिंग पाण्याला पृष्ठभागावर पसरू देत नाही. अळूच्या पानावर होतं तसंच, थेंब गोळा होऊन घरंगळतो. पण पानाला भोक असेल तर पाणी त्यातून जाणारच. घड्याळात अशा फटी तीन: चावीची दांडी आत जाते ती जागा, मागचं झाकण आणि काचेची कड. तिथे पाणी अडवते ती बारीक रबरी रिंग, म्हणजे गॅस्केट. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब साधारण एक बारने, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाएवढ्याने, वाढतो. तो थोपवायला दाबून बसलेलं रबरच लागतं, अतिपातळ थराचं ते काम नाही. १९२६ साली आलेल्या रोलेक्स ऑयस्टरची करामतही आट्यांनी घट्ट बसणाऱ्या झाकणाची आणि चावीची होती.

काही उत्साही मंडळी झाकण उघडून थेट मशीनवरच फवारा मारतात. कृपा करून हे करू नका. मेकॅनिकल घड्याळात एपिलेम नावाचा थर देतात हे खरं, पण तो नेमक्या भागांवर, साफसफाईनंतर, आणि तोही तेल जागेवरून पसरू नये म्हणून; पाण्याशी त्याचा संबंध नाही. बाटलीतल्या फवाऱ्यातलं सॉल्व्हंट उलट तेलच धुऊन नेतं. जुन्या एचएमटीची ॲक्रिलिक काच असेल तर बाहेरूनही जपून, कारण अल्कोहोल असलेल्या द्रवाने तिच्यावर बारीक तडे जाऊ शकतात. चामडी पट्टा आधी काढून ठेवा.

आता नागपूरच्या उन्हाबद्दल. मे महिन्यात ४५ अंशांत गाडी चालवून आलात, तर मनगटावरचं घड्याळ सहज पन्नाशीला टेकतं. घरात शिरून कूलरपुढे बसलात की ते पंचविशीच्या आसपास येतं आणि आतल्या हवेचा दाब सुमारे आठ टक्क्यांनी घटतो. रिंग कडक झालेली असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि कूलरची हवा दमट. थेंब झटकणारं कोटिंग या वाफेला अडवत नाही. पुढे पावसाळ्यात काच गार पडली की तीच वाफ आतून धुकं होऊन दिसते. तापलेलं घड्याळ लगेच थंड नळाखाली धरणं तर त्याहून वाईट.

शंका असेल तर दुकानात एक साधी चाचणी करून मिळते: घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवून काचेवर साध्या तापमानाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. आतून वाफ धरली तर आत ओल आहे.

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, म्हणजे बर्डीवर, घड्याळ सेल बदलायला दिलं की बहुतेक जण झाकण बंद झालं की पैसे देऊन निघतात. थांबा. रिंग तपासली का, सिलिकॉन ग्रीस लावलं का, जमलं तर प्रेशर टेस्ट होईल का, हे विचारा. कोटिंगच्या बाटलीपेक्षा हा खर्च सार्थकी लागतो. डायलवर ३० मीटर लिहिलंय म्हणून अंबाझरीच्या तलावात उडी मारू नका. तो आकडा हात धुण्यापुरता, शिंतोड्यांपुरता समजा. आणि ओल्या हाताने चावी ओढू नका.

काचेत वाफ दिसलीच, तर तांदळाच्या डब्यात पुरू नका, ड्रायरही लावू नका. तांदूळ आतली ओल ओढत नाही, ड्रायरने रिंग आणि डायल दोन्ही बिघडतात. चावी बाहेर ओढून ठेवा, कोरड्या जागी ठेवा आणि त्याच दिवशी घड्याळवाल्याकडे जाऊन झाकण उघडून घ्या. उन्हात वाळवून धुकं गेलं तरी न्याच. ओल आतच असते, गंज स्क्रूंपासून सुरू होतो.