मेडिकल स्कूलच्या आधीचं व्हॉलंटियरिंग, आणि सांगलीचे मामा

गणपतीत इथल्या, न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दरवर्षी कुणीतरी मला गाठतंच. "ताई, मुलगी कॉलेजात गेली. डॉक्टर व्हायचं म्हणते. तुमच्या हॉस्पिटलात तिला कुठे लावता येईल का?" मी प्रसादाची वाटी पुढे करते. लावता येत नाही हो. मुलीनं स्वतः व्हॉलंटियरचा फॉर्म भरायचा, स्वतः फोन करायचा. आईबाबांचा फोन आला की तिथल्या कोऑर्डिनेटर बाई फार गोड बोलतात. इथे कुणी फार गोड बोललं की समजावं, काम होणार नाही. आणि जूनची वाट बघू नका, तेव्हा अख्खं गाव अर्ज करतं. जानेवारीत करा.

मी 2003 साली बारावी सायन्स करून आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला आले. आपल्याकडे तेव्हा सीईटीचे मार्क आले की निकाल लागला. इथे आधी चार वर्षांची डिग्री, एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, हे कळायलाच सहा महिने गेले. मार्क सोडून "आजारी माणसांजवळ किती काळ काढलास?" असंही विचारतात, हे कळायला दोन वर्षं. आणि कळलं तेव्हा मी घाईत घोडचूक केली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीला गेले. मामांचं छोटं नर्सिंग होम. मामा म्हणाले, "डॉक्टर व्हायचंय न्हवं? मग बघतीस काय लांबनं, हात धू." सहा आठवड्यांत मी इंजेक्शनं दिली, ड्रेसिंग केलं, ऑपरेशनच्या वेळी हत्यारं धरली, दोनदा टाकेही घातले. परत आले ती हवेतच. अर्जात हे सगळ्यात वर लिहिलं. इंटरव्ह्यूला एक वयस्क सर्जन होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "तुम्ही कोण आहात हे त्या पेशंटना माहीत होतं का?"

नव्हतं. त्या बायांना वाटलं असणार, अमेरिकेहून डॉक्टरीणबाई आल्यात. परवानगी मामांनी दिली होती, पेशंटना कुणी विचारलंच नव्हतं. त्या वर्षी मला कुठेच प्रवेश मिळाला नाही. एक वर्ष गेलं, अर्जांचे आणि विमानाचे पैसे गेले. इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनं यावर स्पष्ट सूचना दिलेल्या आहेत: जे काम करायची मुभा तुम्हाला अमेरिकेत नाही, ते परदेशात जाऊनही करू नका. तरी दर दिवाळीनंतर मला कुणाचा तरी फोटो दिसतो. मिरजेच्या, नाशिकच्या नाहीतर मडगावच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हिरवा गाऊन, हातात ग्लव्ह्ज, खाली पन्नास अभिनंदनं. अहो, काढा तो फोटो. मामाकडे खुशाल जा, पण हात पाठीमागे बांधून उभे राहा आणि फक्त बघा. त्याला शॅडोइंग म्हणायचं आणि अर्जात तसंच लिहायचं.

शॅडोइंग आणि व्हॉलंटियरिंग यांची गल्लत आपली मंडळी हमखास करतात. डॉक्टरच्या मागे फिरणं वेगळं, पेशंटच्या उपयोगी पडणं वेगळं. गिफ्ट शॉपमध्ये बसलात किंवा फायली लावल्यात तर ती सेवा आहेच, पण पेशंटशी तिचा संबंध नाही. व्हीलचेअर ढकलणं, इमर्जन्सीत चादरी देणं, जेवणाचा ट्रे उघडून देणं, एकट्या आजोबांशी गप्पा मारणं, हे हवं. "आमचा मुलगा काय वॉर्डबॉय आहे का?" असं एका बाबांनी मला ऐकवलं होतं. मुलगा पुढे अकाउंटंट झाला, सुखी आहे.

तासांचा सर्वमान्य आकडा नाही. आठवड्याला चार तासांची एक पाळी वर्षभर धरली तरी दोनशे तास होतात. एका सुट्टीत उरकलेल्या तीनशेपेक्षा मला ते जास्त पटतात, कारण सहाव्या महिन्यात नर्स तुम्हाला नावानं हाक मारायला लागते आणि मग खरं काय ते दिसतं. तारीख, तास, वरिष्ठांचं नाव लगेच वहीत लिहा. ॲमकासच्या, म्हणजे मेडिकल स्कूलांच्या सामायिक अर्जात पंधरा नोंदी करता येतात आणि प्रत्येकीला सातशे अक्षरं मिळतात. तेव्हा आठवायला बसलात तर काही आठवत नाही.

आता पाण्याची गोष्ट. माझ्या तिसऱ्या पाळीला एका आजींनी पाणी मागितलं. तहानलेल्याला नाही म्हणायचं नाही, या संस्कारातली मी. पेला भरून दिला. नर्स धावत आली आणि तिनं तो हातातून काढूनच घेतला. आजींना स्ट्रोक येऊन गेला होता, गिळण्याची तपासणी व्हायची होती. पाणी फुप्फुसात गेलं असतं. तेव्हापासून पाणी, बर्फ, बिस्कीट, काहीही असो, आधी नर्सला विचारायचं.

एडिसनसारख्या, आपल्या लोकांची दाट वस्ती असलेल्या ठिकाणी आणखी दोन मोह होतात. कुणी गुजराती नाहीतर मराठी आजोबा दिसले की आपण दुभाषे व्हायला धावतो. औषधपाण्याचं बोलणं प्रशिक्षित दुभाष्यानंच करायचं. तुम्ही "चहा घेतलात का?" विचारा. दुसरा मोह घरी आल्यावर होतो: "आई, आज मंडळातल्या काकू ॲडमिट दिसल्या." पेशंटची माहिती गुप्त ठेवायला लावणारा हिपा नावाचा 1996 चा कायदा आहे, आईलासुद्धा सांगायचं नाही. आईला सांगितलं की रविवारपर्यंत काकूंच्या दारात डबे पोचतात.

व्हिसावर असाल तर पगाराचं स्क्राइबचं (डॉक्टरांच्या नोंदी लिहिण्याचं) किंवा नर्सिंग असिस्टंटचं काम, काम करण्याच्या परवान्याशिवाय करू नका. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी बिनपगारी कामाआधीही कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसात विचारावं. आणि ग्रीन कार्ड नसलेल्यांना बरीच मेडिकल स्कूल घेतच नाहीत, ती यादी आधी बघा.

हॉस्पिटलात जागा नसेल तर हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेतात तिथे, विचारा. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या नियमानं तिथे पेशंटच्या सेवेच्या तासांपैकी किमान 5 टक्के काम व्हॉलंटियरांनी करावं लागतं, त्यामुळे माणसं कायम हवी असतात. आपल्या घरांत "तरण्या पोरीनं मरणाच्या दारात कशाला बसायचं" असं म्हणतात. माझी आईही म्हणाली होती. मी वर्षभर दर शनिवारी एका निवृत्त बसचालकाजवळ बेसबॉलची मॅच बघत बसले, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नसताना. दुसऱ्या वेळी इंटरव्ह्यूला त्याच्याबद्दलच विचारलं, आणि मी वीस मिनिटं बोलत होते.

शेवटी टीबीची टेस्ट. व्हॉलंटियर म्हणून घेण्याआधी हॉस्पिटल ती मागतं, आणि भारतातून आलेली आपली मुलं यात अडकतात. लहानपणी बीसीजी घेतलेलं असतं, त्यामुळे हातावरची कातडीची टेस्ट नसलेला टीबी दाखवू शकते. माझा हात टरारून सुजला, मग एक्स-रे, मग चिठ्ठ्या, दोन महिने गेले. तुम्ही थेट रक्ताची टेस्ट मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांचे पुरावेही मागतील. लसींचं पिवळं पडलेलं कार्ड गावाकडच्या कपाटात, साड्यांच्या खाली असेल. आजीला फोन करून फोटो मागवून घ्या, पण इथल्या रात्री साडेनऊनंतर करा, तेव्हा तिकडे सकाळ झालेली असते.