सहा इंची बाहुला आणि लोकलची कडी

लोकलमधली माणसं रेखाटताना पोज बघायला, चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो सांध्यांत वळणारा लाकडी बाहुला मी हौसेने आणला होता. मांडी घालून बसवायला गेले तर जमेना, आणि गिरगावच्या पावसाळ्यात त्याचा एक गुडघा अडकूनच बसायचा. आता तो खिडकीत शोभेला आहे. कामाला बांदाई या जपानी खेळणी कंपनीचा बॉडी-कुन नावाचा बाहुला. प्लास्टिकचा, सुमारे 15 सेंटिमीटरचा; पाठीतही वाकतो, पंजे बदलता येतात. स्वस्त मात्र नाही.

आधी उंची. टेबलावरचा बाहुला आपण वरून बघतो आणि कागदावर माणूस गच्चीवरून पाहिल्यासारखा उतरतो. मी त्याला ओट्यावर, दोन स्टीलच्या डब्यांवर चढवते. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांच्या रेषेत आले की पुरे.

मग अंतर. बाहुला 6 इंची, माणूस 6 फुटी. म्हणजे इंचाला फूट. मी दीड फुटावर बसले तर समोरचा माणूस 18 फुटांवर उभा आहे. लोकलचा डबाच मुळात जेमतेम 12 फूट रुंद! गर्दीतली, अंगावर येणारी मूठ हवी असेल तर डोळा तीन-चार इंचांवर न्यायला हवा. तिथे नजर ठरत नाही, म्हणून फोन तेवढा जवळ धरून फोटो काढते आणि त्यावरून रेखाटते. ट्यूबलाइट बंद, एका बाजूला टेबललॅम्प.

आता खरी गोम. कडी धरलेली बाई काढायची आहे. बाहुल्याचा हात वर केला की नुसता हातच फिरतो, खांदा जागच्या जागी. आपलं तसं नसतं. हात सरळ डोक्यावर नेताना साधारण दोन वाटे खांद्याच्या सांध्याचे, एक वाटा पाठीवरच्या पात्याच्या फिरण्याचा. गळ्याखालचं आडवं हाडही वर उचललं जातं. म्हणून पोज बाहुल्यावरून घेतली तरी खांदा आरशासमोर, दाराची चौकट धरून, स्वतःचाच बघते. हे टाळलं की हात डिंकाने चिकटवल्यासारखा दिसतो.

दुसरी खोड स्टँडची. त्यावर बाहुला कसाही उभा राहतो, अगदी माणूस पडेल अशा पोजमध्येसुद्धा. स्टँड काढा. एका पायावर भार असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेली ओळंब्याची रेघ त्या पावलावर यायला हवी, आणि त्या बाजूची कंबर वर.

कडी धरलेल्या बाईला हा नियम तंतोतंत लागू नाही, तिचा थोडा भार कडीवर असतो. त्यासाठी मी बाहुल्याची मूठ दोऱ्याने मसाल्याच्या फळीला बांधते. मग दोरा सैल करून बघते, बाहुला कुठे कलंडतो ते. चित्रातला हात त्याच्या उलट बाजूला ताणायचा.