जुने ईमेल पत्ते वाचताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडचे संगणकशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी १९८०च्या दशकातील जतन केलेले ईमेल उघडतात, तेव्हा उद्गारचिन्हे आणि टक्केचिन्हे यांनी जोडलेली नावांची माळ पाहून मजकूर बिघडला असावा असे समजतात आणि ती ओळ गाळून टाकतात. तसे करू नये, कारण टपाल कसे फिरले याचा पुरावा त्याच ओळीत असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे त्या माळेला आजच्या अर्थाने पत्ता समजणे. यूयूसीपी या, युनिक्स संगणकप्रणालीवरील यंत्रांमध्ये टपाल पोहोचवणाऱ्या जुन्या व्यवस्थेत यंत्रे एकमेकांना फोन लावत, बहुधा रात्रीच्या स्वस्त दरात, आणि साठलेले टपाल शेजारच्या यंत्राकडे सोपवत. त्यामुळे पाठवणाऱ्यालाच संपूर्ण वाट लिहून द्यावी लागे. भुसावळहून रेल्वेने धुळ्याला टपाल पाठवायचे असे धरले, तर ती वाट ‘जळगाव!चाळीसगाव!धुळे!सुरेश’ अशी होईल आणि प्रत्येक यंत्र आपले नाव पुढून काढून उरलेली माळ पुढे देईल. धुळ्याचा फाटा चाळीसगावला फुटतो हे खान्देशात शाळकरी पोरालाही ठाऊक असते, पण यंत्राला ते सांगावे लागे. आता हीच माळ चाळीसगावात बसलेल्या माणसाने जशीच्या तशी वापरली, तर त्याचे टपाल आधी उलटे जळगावला जाऊन पुन्हा चाळीसगावलाच येईल. म्हणूनच लोक आपली वाट सर्वांना माहीत असलेल्या एखाद्या मोठ्या यंत्रापासून पुढे लिहीत. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेचे ‘आयएचएनपी४’ हे यंत्र तसे एक जंक्शन होते. पुढे स्टीव्ह बेलोव्हिन आणि पीटर हनीमन यांच्या ‘पाथएलियस’ या प्रोग्रॅममुळे जोडण्यांच्या नकाशावरून कमी खर्चाची वाट आपोआप काढता येऊ लागली. भारतातील अर्नेट या शैक्षणिक-संशोधन जाळ्याची सुरुवातीची ईमेलही यूयूसीपीवरच चालत असे.

खरी डोकेदुखी मिश्र पत्त्यांची आहे. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावर ‘@’ हे चिन्ह वापरात आणले आणि दोन पद्धती एकमेकींना भिडल्यावर ‘जळगाव!रमेश@चाळीसगाव’ असे पत्ते दिसू लागले. १९८२ च्या आरएफसी ८२२ या इंटरनेटच्या नियमपत्रानुसार हे टपाल आधी चाळीसगावला आणि तेथून जळगावच्या रमेशकडे जाते; यूयूसीपीच्या रिवाजानुसार ते आधी जळगावला जाते आणि रमेश चाळीसगावचा ठरतो. पत्त्याकडे कितीही टक लावून पाहिले तरी निवाडा होत नाही. अशा वेळी ईमेलच्या शीर्षभागातील ‘रिसीव्ह्ड’ या ओळी, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक यंत्राने टाकलेल्या पोहोच-नोंदी, खालून वर वाचाव्यात आणि तो पत्ता कोणत्या यंत्राने वाचला, ते यंत्र कोणत्या जाळ्यातले होते, हे शोधावे.

‘रमेश%धुळे@जळगाव’ यातील टक्केचिन्ह ही केवळ सोय होती: जळगावचे यंत्र आपले नाव काढून टाकी आणि ‘%’ च्या जागी ‘@’ घालून टपाल पुढे पाठवी. आज असा पत्ता सर्व्हरने नाकारला, तर सर्व्हर दुरुस्त करत बसू नये. परक्याचे टपाल आपल्यामार्फत कोठेही जाऊ नये म्हणून तो नकार मुद्दाम ठेवलेला असतो.

ब्रिटनच्या जेनेट या विद्यापीठांच्या जाळ्यात नावे उलट क्रमाने, म्हणजे देश आधी आणि यंत्र शेवटी, लिहिली जात. त्यामुळे संगणकशास्त्र विभागाच्या नावाचा ‘सीएस’ हा शेवट, देश शेवटी लिहिणाऱ्या इतर जाळ्यांना, चेकोस्लोव्हाकियाच्या देशचिन्हासारखाच दिसे, हे लक्षात ठेवावे.

जुन्या युनिक्सची हुबेहूब मांडणी करून पाहणाऱ्यांची एक बारीक चूक नेहमी होते: सी शेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘!’ म्हणजे मागील आज्ञा परत बोलावणे, त्यामुळे त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ न दिल्यास पत्ता पोहोचण्यापूर्वीच बदलतो.

जानेवारी १९८६ च्या आरएफसी ९७४ ने डीएनएस या यंत्रनावांच्या निर्देशिकेतील एमएक्स नोंदींचा, म्हणजे कोणत्या नावाचे टपाल कोणते यंत्र घेते हे सांगणाऱ्या नोंदींचा, वापर ठरवून दिला आणि वाट शोधण्याचे काम पाठवणाऱ्या माणसाकडून यंत्रांकडे गेले. त्या नोंदीतला आकडा मोठा म्हणजे मान मोठा, असा समज आजही आढळतो. प्रत्यक्षात सर्वांत लहान आकड्याचे यंत्र आधी गाठले जाते. १० आणि २० अशा दोन नोंदी असून टपाल सतत २० वाल्याकडे जात असेल, तर आधी १० वाले यंत्र जोडणी स्वीकारते का, ते तपासावे.