फिल्म न्वारमधील वेशभूषा कशी वाचावी

फिल्म न्वार, म्हणजे १९४० आणि ५०च्या दशकांतील गुन्हा व फसवणुकीभोवती फिरणारे, बहुतांशी कृष्णधवल हॉलिवूडपट, पाहताना पात्र प्रथम पडद्यावर येते तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहावा. संवाद बाजूला पडले की कपडे काय सांगतात ते स्वच्छ दिसते. कृष्णधवल चित्रणात रंगाचा आधार नसल्यामुळे कापडाची चमक फार महत्त्वाची ठरते: साटन प्रकाश परतवून नजर स्वतःकडे ओढते, तर गडद लोकरी सूट प्रकाश शोषून माणसाला सावलीत मिसळू देतो.

‘डबल इंडेम्निटी’ (१९४४) मध्ये बार्बरा स्टॅनविक जिना उतरते तेव्हा कॅमेरा तिच्या पावलांचा माग घेतो आणि घोट्याभोवतीची साखळी दिसते. विम्याच्या कामासाठी आलेल्या नायकाची नजर तिथेच अडकते. सधन घरातील विवाहितेच्या पायातला हा दागिना तिचे आमंत्रण आणि त्याचे दौर्बल्य एकाच वेळी उघड करतो, म्हणून अशा लहानसहान वस्तूंकडे कधीही दुर्लक्ष करू नये.

काळा म्हणजे दुष्ट असे समीकरण मात्र मांडू नये. ‘द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस’ (१९४६) मध्ये लाना टर्नर जवळजवळ सर्वत्र पांढऱ्या कपड्यांत वावरते आणि तिच्या मनातील खुनाचा विचार त्या शुभ्रतेमुळेच अधिक अस्वस्थ करतो. ती काळ्या पोशाखात दिसते ते मोजके प्रसंग आवर्जून टिपावेत.

पुरुषांच्या बाबतीत हॅटची कड डोळ्यांवर किती सावली पाडते आणि कथेच्या ओघात सूट कसा चुरगळत जातो, एवढे पाहिले तरी पुरे.