तांत्रिक आरेखनाच्या परीक्षेची तयारी कशी करावी

तांत्रिक आरेखनाच्या पेपरात एक सोय आहे, जी इतर विषयांत क्वचितच मिळते: आपले उत्तर बरोबर आहे की नाही, हे विद्यार्थ्याला परीक्षा चालू असतानाच मोजून पाहता येते. सुसम षटकोन काढला असेल, तर डिव्हायडरने त्याच्या सहाही बाजू तपासता येतात. तीन दृश्ये काढली असतील, तर वस्तूची उंची दोन ठिकाणी सारखी आली आहे का, हे टी-स्क्वेअर (फळ्याच्या कडेला टेकवून आडव्या रेषा काढण्याची टी आकाराची पट्टी) सरकवताच कळते. असे असूनही पुष्कळ विद्यार्थी या विषयाची तयारी सोडवलेल्या आकृत्या पाहून करतात. पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, पण कोरा कागद समोर आला की पहिली रेषा कुठे काढावी, हेच सुचत नाही. म्हणून काढणे, मोजणे आणि चुकलेले पुन्हा काढणे हाच क्रम या लेखात सर्वत्र धरला आहे.

प्रथम पेपर ओळखावा

अभ्यासक्रम आणि मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवून चार गोष्टी नोंदवून घ्याव्यात: कागदाचा आकार, प्रक्षेपाची (म्हणजे वस्तूची दृश्ये कागदावर मांडण्याची) पद्धत, प्रत्येक प्रकरणाला मिळणारे गुण आणि वेळ. कोणते प्रश्न दरवर्षी येतात आणि कोणत्या प्रश्नांना पर्याय असतो, हे एकदा कळले की कोणत्या प्रकरणावर किती दिवस द्यायचे, ते ठरवणे सोपे जाते.

साहित्य तपासून घ्यावे

परीक्षेत जे साहित्य वापरायचे, त्याच साहित्याने पहिल्या दिवसापासून सराव करावा. गुण्या अचूक आहे का, हे पाहण्याची रीत सोपी आहे. टी-स्क्वेअरवर गुण्या टेकवून एक उभी रेषा काढावी, नंतर गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा उभी रेषा काढावी. दोन्ही रेषा तंतोतंत जुळल्या, तर गुण्याचा काटकोन बरोबर आहे. त्या एकमेकींपासून फाकल्या, तर दिसणारा फरक प्रत्यक्ष दोषाच्या दुप्पट असतो. टी-स्क्वेअरची खीळ हलत नाही ना, हेही पाहावे आणि त्याचा माथा फळ्याच्या एकाच कडेला टेकवून काम करावे, कारण फळ्याच्या दोन कडा एकमेकींशी काटकोनात असतीलच, असे नाही.

रचनारेषांसाठी २एच आणि ठळक रेषांसाठी एच किंवा एचबी पेन्सिल बहुतेक कामांना पुरते. कंपासमध्ये मात्र हातातल्या पेन्सिलीपेक्षा एक पायरी मऊ शिसे घालावे. कंपासवर हाताइतका दाब देता येत नाही, त्यामुळे तेच शिसे घातले की वर्तुळे रेषांपेक्षा फिकी दिसतात. हे शिसे बाहेरच्या अंगाने तिरके घासावे आणि कंपासची सुई शिशापेक्षा किंचित लांब ठेवावी.

रेषा आणि अक्षरे रोज थोडी गिरवावीत

ठळक रेषेची जाडी बारीक रेषेच्या दुप्पट असावी, असा संकेत आहे. दिसणाऱ्या कडा ठळक असतात. लपलेल्या कडा तुटक, मध्यरेषा लांब-आखूड तुकड्यांच्या आणि परिमाणरेषा बारीक अखंड असतात. परिमाणरेषा आकृतीपासून साधारण ८ ते १० मिलिमीटर दूर काढावी, बाणाचे टोक सुमारे ३ मिलिमीटर लांब आणि त्याच्या एक तृतीयांश रुंद ठेवावे. अक्षरे व अंक दोन फिक्या मार्गदर्शक रेषांच्या मधेच लिहावेत. रोज दहा मिनिटे एवढाच सराव केला, तरी महिन्याभरात आकृतीचे रूप पालटते.

भौमितिक रचना कारणासकट शिकाव्यात

रचनेच्या पायऱ्या पाठ केल्या की एखादी पायरी विसरताच सगळे अडते, तर कारण माहीत असले की विसरलेली पायरी पुन्हा शोधून काढता येते. वर्तुळकंस एकमेकांना जोडण्याचे जवळजवळ सर्व प्रश्न दोन गोष्टींवर उभे आहेत. स्पर्शबिंदूपाशी त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते आणि एकमेकांना स्पर्श करणाऱ्या दोन वर्तुळांचा स्पर्शबिंदू त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या रेषेवर असतो. म्हणूनच वर्तुळे बाहेरून स्पर्श करत असतील, तर केंद्रांतील अंतर त्रिज्यांच्या बेरजेइतके असते, आतून स्पर्श करत असतील, तर त्रिज्यांच्या वजाबाकीइतके. कंस ठळक करण्यापूर्वी सर्व स्पर्शबिंदू खुणेने दाखवावेत. ही खूण नसली की कंस रेषेला जिथे मिळतो, तिथे हमखास गाठ दिसते.

लंबवर्तुळासाठी किमान दोन पद्धती हातात बसवाव्यात आणि प्रत्येक वेळी उत्तर तपासावे. समजा, दीर्घ अक्ष १२० आणि लघु अक्ष ८० मिलिमीटर आहे. लघु अक्षाच्या टोकावर कंपासची सुई ठेवून ६० मिलिमीटर त्रिज्येचा कंस काढला, तर तो दीर्घ अक्षाला जिथे छेदतो ते दोन बिंदू म्हणजे नाभी, ज्या केंद्रापासून सुमारे ४४.७ मिलिमीटरवर येतात. आता आपल्या वक्रावरचा कोणताही बिंदू घ्यावा. त्याची दोन्ही नाभींपासूनची अंतरे मिळून १२० मिलिमीटर भरली पाहिजेत. ही बेरीज दोन-तीन मिलिमीटरने चुकत असेल, तर बहुधा छेदबिंदू घेताना रेषा जाड झाल्या आहेत, किंवा वक्र बिंदूंतून न जाता त्यांच्या जवळून गेला आहे.

प्रक्षेपांना सर्वांत जास्त वेळ द्यावा

गुण इथे सर्वाधिक जातात, आणि ते हाताच्या चुकीपेक्षा पाहण्याच्या चुकीने जातात. एका वस्तूची परस्परांशी काटकोनात असलेल्या प्रतलांवरची दृश्ये मिळून तिचा संपूर्ण आकार सांगू शकतात, ही या प्रकरणामागची कल्पना आहे. फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंज यांनी अठराव्या शतकात तिला शास्त्राचे रूप दिले. बरीच वर्षे लष्करी गुपित म्हणून जपलेल्या या पद्धतीवर त्यांनी १७९५ मध्ये पॅरिसमध्ये व्याख्याने दिली. ज्या पद्धतीला एके काळी गुपित म्हणून जपावे लागले, ती आज शाळेत शिकायला मिळते, तेव्हा तिला आठवड्यातले दोन दिवस देणे मुळीच जास्त नाही.

प्रथम कोन पद्धतीत वस्तू पाहणारा आणि प्रतल यांच्यामध्ये असते, म्हणून वरील दृश्य समोरील दृश्याच्या खाली येते आणि उजव्या बाजूने पाहिलेले दृश्य डावीकडे काढले जाते. तृतीय कोन पद्धतीत प्रतल मध्ये असते आणि दृश्यांच्या जागा उलट होतात: वरील दृश्य वर, उजवीकडचे उजवीकडे. दोन्ही पद्धतींची सरमिसळ ही या पेपरातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण प्रत्येक दृश्य सुटे पाहिले तर बरोबर असते आणि तरीही उत्तर चुकते. त्यामुळे प्रश्न वाचल्याबरोबर पद्धतीचे नाव कागदावर लिहावे आणि मगच चौकटी आखाव्यात.

डोळा तयार करण्यासाठी साबणाची वडी कापून पायरी, खाच, उतार असे साधे आकार करावेत. वडी डोळ्यासमोर धरून तीन दृश्ये काढावीत. दुसऱ्या दिवशी वडी बाजूला ठेवून केवळ त्या दृश्यांवरून समघन चित्र (आयसोमेट्रिक, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकत्र दाखवणारे चित्र) काढावे आणि शेवटी वडीशी ताडून पाहावे. वस्तूच्या प्रत्येक कोपऱ्याला अंक देऊन तो अंक तिन्ही दृश्यांत शोधण्याची सवय लावली, तर हरवलेली कड लगेच सापडते. लपलेल्या कडांच्या तुटक रेषा घाईत राहून जातात आणि त्या या अंकांमुळेच आठवतात. काढताना एक दृश्य पूर्ण करून दुसऱ्याकडे वळू नये. सर्व मध्यरेषा, मग वर्तुळे, मग सरळ कडा असे तिन्ही दृश्यांत एकदमच पुढे जावे, म्हणजे टी-स्क्वेअरच्या एकाच बैठकीत एकच उंची दोन्हीकडे जाते.

समघन चित्रात मागे जाणाऱ्या कडा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतात. मापे फक्त तीन अक्षांच्या दिशेनेच घेता येतात, त्यामुळे तिरक्या कडेची दोन टोके आधी अक्षांवरून निश्चित करावीत आणि मग ती जोडावीत. तिरकी कड थेट मोजली किंवा कोनमापकाने मूळ कोन घेतला, तर आकृती चुकतेच. प्रश्नात समघन मापपट्टी (आखूड केलेल्या मापांची पट्टी) वापरायला सांगितली असेल, तरच मापे ०.८१६ पटीने कमी करावीत, एरवी पूर्ण मापे घ्यावीत.

छेद आणि पृष्ठभागाचा उलगडा

छेद म्हणजे वस्तू कापली आहे असे मानून काढलेले दृश्य, आणि कापलेला भाग दाखवणाऱ्या छेदरेषा बहुधा ४५ अंशांत, सारख्या अंतराने काढतात, पण छेद लांबीच्या दिशेने गेला, तर दांडा, बोल्ट किंवा पातळ आधारफासळी छेदरेषांनी भरत नाहीत.

उलगड्याच्या, म्हणजे वस्तूचा पृष्ठभाग सपाट पसरून काढण्याच्या, प्रश्नांत बारीक हिशेब महत्त्वाचा असतो. ५० मिलिमीटर व्यासाच्या वृत्तचितीचा परिघ १५७ मिलिमीटर भरतो. पुष्कळ विद्यार्थी वर्तुळाचे बारा भाग करून डिव्हायडरने एक जीवा घेतात आणि तीच बारा वेळा मांडतात. ती लांबी केवळ १५५.३ मिलिमीटर होते, कारण जीवा कंसापेक्षा आखूड असते. म्हणून परिघ काढून घेऊन ती रेषा बारा समान भागांत विभागावी. शंकूसाठी उभी उंची नव्हे, तर तिरकस उंची घ्यावी. तळाची त्रिज्या ३० आणि उभी उंची ४० मिलिमीटर असेल, तर तिरकस उंची ५० मिलिमीटर आणि वर्तुळपाकळीचा कोन ३६० च्या ३/५ पट, म्हणजे २१६ अंश येतो. हा उलगडा कातरून जोडला, तर तळाचा व्यास ६० मिलिमीटर भरला पाहिजे. एकदा तरी कागद कापून हे करून पाहावे.

घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवावेत

परीक्षेपूर्वीच्या महिन्यात आठवड्याला एक संपूर्ण पेपर एकाच बैठकीत सोडवावा. समजा, पेपर तीन तासांचा आणि १०० गुणांचा आहे. वाचनाला दहा मिनिटे आणि शेवटच्या तपासणीला पंधरा मिनिटे ठेवली, तर १५५ मिनिटे उरतात, म्हणजे दर गुणाला सुमारे दीड मिनिट. २० गुणांची आकृती अर्ध्या तासात जवळजवळ पूर्ण झाली नसेल, तर ती तशीच सोडून पुढे जावे. अपूर्ण आकृतीलाही रचनारेषांबद्दल गुण मिळू शकतात, न सोडवलेल्या प्रश्नाला काहीच मिळत नाही.

कागदावरची जागा आधी मोजावी. ४२० × २९७ मिलिमीटरच्या ए-३ कागदावर चारही बाजूंनी १० मिलिमीटरची चौकट आखली, तर रुंदी ४०० मिलिमीटर उरते. वस्तू १४० लांब आणि ७० खोल असेल, तर दोन दृश्ये २१० घेतात आणि उरलेले १९० डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे वाटता येतात. ही आकडेमोड अर्ध्या मिनिटात होते आणि आकृती चौकटीबाहेर जाण्याचा धोका टळतो.

प्रत्येक सराव पेपर तपासल्यावर चुकांची नोंद वहीत करावी, पण “प्रश्न ४ चुकला” असे नव्हे, तर “मध्यरेषा राहिली”, “पद्धत बदलली”, “परिमाण दोनदा दिले” अशी. तीन-चार पेपरांनंतर त्याच त्या नोंदी परत येताना दिसतात, आणि पुढच्या आठवड्याचा सराव नेमका त्यांच्यावरच करावा.

परीक्षेच्या वेळी

पेन्सिली आदल्या रात्री टोकदार करून ठेवाव्यात. कागद फळ्यावर बसवताना त्याची वरची कड टी-स्क्वेअरशी जुळवून चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के करावेत. सुरुवात सोप्या भौमितिक प्रश्नाने केली, तर हात स्थिर होतो. रचनारेषा खोडू नयेत, फक्त फिक्या ठेवाव्यात. कारण उत्तर कसे मिळवले, हे परीक्षकाला त्यांच्यावरूनच समजते. राखून ठेवलेल्या शेवटच्या पंधरा मिनिटांत नवी आकृती सुरू न करता प्रश्नक्रमांक, पद्धतीचे नाव, प्रमाण, राहिलेली परिमाणे आणि मध्यरेषा पाहाव्यात, आणि वेळ उरला तर डिव्हायडर उचलून प्रत्येक आकृतीतील एक माप प्रश्नपत्रिकेतील मापाशी ताडून पाहावे.